अण्णांच्या बोर्डावरची शेपटी

बोईसर स्टेशनाबाहेर पडून बाजाराच्या रस्त्याला लागलं की माझं डोकं दुखायला लागतं. धुराने नाही. कंपन्यांचा धूर आणि तो औषधासारखा वास आता अंगवळणी पडलाय, उलट चिंचणीला माहेरी गेले की पहिल्या दिवशी नाकाला काहीतरी कमी पडल्यासारखं वाटतं. डोकं दुखतं ते दुकानांवरच्या पाट्यांनी. चपलांच्या दुकानावर इंग्रजीत ‘शूज’ लिहिलेलं असतं आणि शेवटच्या एसच्या आधी, वरच्या अंगाला लोंबत, एक शेपटी. मोबाइलवाल्याच्या ‘कव्हर्स’ला शेपटी, हॉटेलवाल्याच्या ‘स्नॅक्स’ला शेपटी, आणि एका सलूनवाल्याने तर ‘जेंट्स’ला एसच्या आधी एक आणि नंतर एक अशा दोन लावल्यात. एक गळून पडली तर दुसरी असावी म्हणून असेल.

अहो, इंग्रजीत एकाचे अनेक झाले की पुढे नुसता एस लावायचा. बूट दोन असोत की दोनशे, शेपटीचा तिथे काही संबंध नाही. ती शेपटी, म्हणजे अ‍ॅपॉस्ट्रॉफी, असते कोणाचं काय आहे हे सांगायला. राजूचा बूट, मीनाची पिशवी, तिथे लावा की हौसेने. हे मी शाळेत पोरांना इतक्यांदा घोकून घेतलंय की मला झोपेतून उठवून विचारलं तरी मी तोंडपाठ सांगेन. पण पोरं शाळा सुटली की बाजारातून घरी जातात आणि बाजार त्यांना माझ्यापेक्षा मोठ्या अक्षरांत शिकवतो.

आणि दैवाची गंमत बघा. पाट्या रंगवणाऱ्याच्याच घरात मी सून म्हणून आले.

माझे सासरे रामकिसन गव्हाणे, सगळ्यांचे अण्णा, तरुणपणी परभणीकडून तारापूरच्या एमआयडीसीत आले. कारखान्यात त्यांचं काम पाट्या रंगवायचं. ‘धोका’, ‘हेल्मेट वापरा’, कुठल्या नळातून काय वाहतं त्याचे बाण. ड्युटी सुटली की गावातल्या दुकानांचे बोर्ड. अण्णांना इंग्रजी बोलता येत नाही, पण इंग्रजी अक्षर असं काढतात की छापलेलं वाटावं. काठीवर मनगट टेकवलं की हात थरथरत नाही, अजूनही. प्रत्येक बोर्डाच्या खालच्या कोपऱ्यात बारीक ‘आर. के.’ असतं. फ्लेक्स आल्यावर धंदा बसला, मग नोकरीतून निवृत्तीही झाली, तरी बोईसरात अण्णांच्या हातचे पत्र्याचे बोर्ड अजून खूप दिसतात.

लग्नाच्या आधीच मी विक्रमला विचारलं होतं, “त्या शेपट्या तुझ्या वडिलांच्याच का?” विक्रम म्हणाला, “असतील. नाहीतर कोणीतरी बघून बघून काढल्या असतील.” मक्षिकास्थाने मक्षिका. कागदावर माशी मेलेली असली तर नक्कल करणारा तिथे माशीही काढतो, तसं. माझ्यापुरता मी निकाल लावून टाकला की बोईसरभरच्या माशांचा उगम अण्णांच्या ब्रशात आहे.

पण हे त्यांना सांगणार कोण? अण्णा माझ्याशी बोलतच नव्हते.

भांडण झालं नव्हतं. आमचं लग्न त्यांना पसंत नव्हतं, एवढंच. मी चिंचणीची, मांगेल्यांची मुलगी. बाप बोटीवर, आई कमळी बाजारात मासळी विकणारी. गव्हाण्यांच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. अण्णांनी विरोध केला नाही, शिव्या दिल्या नाहीत, लग्नाला आले, जेवले, अक्षता टाकल्या. फक्त माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. लेकी बोले सुने लागे म्हणतात, पण या घरात लेक नाही, म्हणून अण्णा भिंतीशी बोलायचे. घरात मी एकटीच असले तरी कॅलेंडरकडे बघून म्हणायचे, “त्यायला म्हणावं, चहा झाकून ठेवा.” त्यायला म्हणजे मला. मी चहा झाकून ठेवायचे आणि मीही कॅलेंडरला सांगायचे, “ठेवलाय म्हणावं.” एकदा सासूबाई हे ऐकून दारात उभ्या राहून इतक्या हसल्या की त्यांच्या हातातलं पीठ सांडलं. सासूबाई म्हणजे सोजराबाई. त्यांना मी आई म्हणते आणि त्या मला पहिल्या दिवसापासून जीव लावतात, त्यामुळे हसणं सोपं जायचं.

माझ्या माहेरच्या आईचं मत वेगळं. “तो मानूस वायट नाय गो,” ती म्हणायची, “आतून बंद हाय, एवढाच. आमी बंदराला राहतो, आमाला कळते. भरती कोन वोढून आनत नाय.” आणि ती दर खेपेला माझ्यासोबत सुक्या जवळ्याचा डबा द्यायची. तो आम्ही गच्चीवर ठेवायचो, आईंनी तशी सवलत काढून दिली होती. एकदा अवकाळी शिंतोडे आले. मी शाळेतून धावत आले, गच्चीवर गेले, तर डबा नाही. खाली आले तर तो जिन्याच्या कोनाड्यात, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. घरात अण्णांशिवाय कोणी नव्हतं आणि बाथरूममध्ये साबणाने हात धुतल्याचा वास बराच वेळ येत होता. मी कॅलेंडरला काही बोलले नाही. पण त्या दिवसापासून मला आशा लागली, आणि आशा फार वाईट असते. तोपर्यंत चाललं होतं ते चाललं असतं. आता मला हवंच होतं की या माणसाने मला आपलं म्हणावं. पाहुणी म्हणून नाही, विक्रमची बायको म्हणून नाही. विक्रमला ‘ए’ म्हणतात तसं ‘ए’ म्हणावं.

या वर्षी मी शाळेची नोकरी सोडली आणि आमच्या सरावलीच्या घरात खालच्या खोलीत बालवर्ग काढायचं ठरवलं. ती खोली आधी शेगड्या दुरुस्त करणाऱ्याला दिली होती, तो गावी निघून गेला. विक्रम कंपनीत लॅबमध्ये आहे, त्याने भिंतींना रंग दिला, आईंनी गोधड्या शिवल्या. नाव मी ठरवलं, ‘लिटल बोट्स’. छोट्या होड्या. आईंना मी नाव सांगितलं तर त्यांनी आपली पाचही बोटं माझ्यापुढे धरली आणि म्हणाल्या, “ही व्हय?” मी म्हटलं, तीपण. अक्षय तृतीयेला सुरू करायचं ठरलं.

बोर्ड फ्लेक्सचा करायचा असं मी विक्रमला सांगत होते तेव्हा अण्णा पेपर वाचत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर गच्चीवर पत्रा पसरलेला, त्यावर प्रायमर मारून वाळत टाकलेला. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी विचारलं नव्हतं. विक्रम म्हणाला, “बघ.” त्याला एवढंच बोलता येतं. बाप तसा बेटा.

पुढचे काही दिवस घरात टर्पेंटाइनचा वास होता आणि मी हवेत होते. अण्णांनी खडू लावलेला दोरा ताणून रेघा मारल्या. पिवळसर पांढरी जमीन, त्यावर गडद निळी अक्षरं, खाली लाटा, आणि लाटांवर होड्या. होड्या कुठल्याही नव्हत्या. चिंचणीच्या किनाऱ्यावर लागतात तशा, पुढच्या टोकाला, म्हणजे नाळेला, उंच, वर रंगीत निशाण. परभणीच्या माणसाने त्या कधी इतक्या निरखून पाहिल्या मला माहीत नाही. चहा घेऊन मी वर जायचे, कप कठड्यावर ठेवायचे, आणि अण्णा लाटेकडे बघत म्हणायचे, “गोड जास्त झालंय म्हणावं.” मी लाटेला म्हणायचे, “उद्या कमी घालते.” पण चहा ते संपवायचे.

बोर्ड पूर्ण झाला त्या संध्याकाळी आम्ही सगळे वर गेलो. विक्रमने मोबाइलवर फोटो काढले. आईंनी होडीला हात लावून बघितला आणि अण्णांचा ओरडा खाल्ला. मी वाचलं. ‘लिटल’. बरोबर. ‘बोट्स’. बी, ओ, ए, टी. मग शेपटी. मग एस.

नुसती शेपटी नव्हती. सगळी अक्षरं निळी आणि ती मात्र काळी कुळकुळीत. म्हणजे चुकून कोणाच्या नजरेतून सुटायला नको.

मला काय वाटलं ते सांगते. आधी हसू आलं, मग मी मनात हिशोब करायला लागले. मी इंग्रजीची बाई. माझ्याकडे लेकरं पाठवणारे आईबाप ती इंग्रजीसाठीच पाठवणार. शेजारच्या गल्लीत एक बालवर्ग आहेच आणि तिथल्या बाई माझ्या चुका शोधायला टपलेल्या आहेत. त्यांना मी दारावरच ताट वाढून ठेवणार? मी शक्य तितक्या गोड आवाजात, लाटेला नाही, सरळ अण्णांना म्हटलं, “अण्णा, फार सुंदर झालंय. फक्त ती वरची काळी खूण काढून टाकूया का? इंग्रजीत तिथे ती नसते.”

अण्णा निशाणाकडे बघत होते. “त्यायला म्हणावं, ऱ्हाऊ द्या. असू द्या ती.”

“पण ते चूक आहे.”

“ऱ्हाऊ द्या म्हणावं,” अण्णा म्हणाले आणि ब्रश पुसत खाली गेले.

विक्रमला म्हटलं, तू सांग. तो म्हणाला, “जाऊ दे ना, कोण बघतंय.” हे वाक्य पुरुषाने बायकोच्या धंद्याबद्दल कधी बोलू नये. त्यावरून आमचं जे झालं ते इथे सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी अण्णा दातांच्या डॉक्टरकडे पालघरला गेले. मी गच्चीवर गेले. रंग अजून कच्चा होता. कापसाचा बोळा टर्पेंटाइनमध्ये बुडवला, शेपटी पुसली, त्यांच्याच डबीतला पिवळसर पांढरा रंग बारीक ब्रशाने भरला. काम सुबक झालं, नीट बघितल्याशिवाय कळलं नसतं. मला वाटलं, सुंठीवाचून खोकला गेला. अण्णा दोन दिवस कॅलेंडरलाही बोलणार नाहीत, मग सगळं विसरतील. तसंही बोलत नाहीत तर आणखी काय कमी होणार आहे?

अण्णा दुपारी आले आणि तसेच वर गेले. मी जिन्यात उभी राहिले. ते बोर्डासमोर वाकले. मग अंगठा नेमका तिथे ठेवला जिथे शेपटी होती, आणि उचलून पाहिला. अंगठ्याला पांढरं लागलं होतं. मी वाट बघत होते की आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं, मी दोन शब्द ऐकवले असते. ब्रश धुतलेलेच होते, ते त्यांनी पुन्हा धुतले, डब्यात घातले, डबा माळ्यावर टाकला. जेवताना कॅलेंडरला म्हणाले, “गावाकडं जाऊन यावं म्हणतो. भावाची तब्येत बरी न्हाई.” गाडी अक्षय तृतीयेच्या आदल्या दिवशीची ठरवली. भावाशी सकाळीच विक्रम फोनवर बोलला होता, काका ठणठणीत होते.

त्यानंतर कॅलेंडरशीही बोलणं थांबलं. मी चहा ठेवायचे, तो गार व्हायचा. तेव्हा मला कळलं की आधी किती बोलणं होतं.

जायच्या दिवशी सकाळी विक्रमने ड्युटीवर जाण्यापूर्वी बोर्ड दारावर चढवला. सुरेख दिसत होता, शुद्ध. आई भाकरी थापत होत्या आणि मी त्यांच्याशेजारी बसून बोलत सुटले. माझा स्वभाव असा आहे की अपराधी वाटलं की मी आवाज चढवते.

“मी काय चुकीचं केलं, आई? सगळ्या बोईसरात त्यांनी त्या शेपट्या काढून ठेवल्यात. मी एक पुसली तर एवढा राग? माझ्या वर्गाच्या पहिल्या दिवशी घर सोडून जायचं?”

आईंनी भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. “सगळ्या बोईसरात कुठं?”

“सगळीकडे. जिकडे बघाल तिकडे.”

“बघून ये,” आई म्हणाल्या. “एवढं म्हणतीस तर नीट बघून ये. आर. के. लिवलेलं बघ.” आणि माझ्याकडे न बघता भाकरी उलटली.

मला वाटलं, बरं झालं. फोटोच काढून आणते, अण्णांच्या समोर धरते. स्कूटी काढली आणि आधी एमआयडीसीकडे गेले. कंपन्यांच्या फाटकांवर अण्णांच्या पाट्या जागोजाग आहेत. ‘व्हिजिटर्स’, ‘केमिकल्स’, ‘ट्रक्स’. कोपऱ्यात आर. के. आणि शेपटी नाही. एकाही पाटीवर नाही. मला वाटलं, इथे साहेब लोक तपासत असतील. मग बाजारात आले. औषधांचं दुकान, ‘मेडिसिन्स’, आर. के., शेपटी नाही. हार्डवेअर, ‘पाइप्स’, आर. के., शेपटी नाही. ज्या चपलांच्या दुकानावरून माझं डोकं इतकी वर्षं दुखत होतं तिथे उतरून जवळ गेले, तर तो फ्लेक्स निघाला, कोणा भलत्याच्याच हातचा. सलूनच्या दोन शेपट्याही अण्णांच्या नव्हत्या. मी उन्हात रस्त्याच्या मधे उभी, मागून टमटमवाला हॉर्न वाजवतोय, आणि मी पाट्या वाचतेय.

शेवटी एक सापडली. स्टेशनजवळ किंजलचं ब्यूटी पार्लर, ‘फेशियल्स’, वर काळी शेपटी, खाली आर. के. किंजलचे वडील अण्णांबरोबर कारखान्यात होते. ते लवकर गेले, तेव्हा तिच्या लग्नात अण्णांनी मामाच्या जागी उभं राहून सगळं केलं होतं, हे मला आईंनी सांगितलं होतं. दुसरी सापडली आईंच्या बहिणीच्या खाणावळीवर, ‘मील्स’. मग मी पास्थळच्या फाट्यावर बबलूभाऊजींच्या टायरच्या दुकानाशी गेले. बबलूभाऊजी म्हणजे अण्णांचे पुतणे, अण्णांनीच त्यांना गावाहून आणून धंद्याला लावलं. मोठा बोर्ड, लाल अक्षरं, ‘टायर्स’. एसच्या आधी काळी शेपटी, टपोरी.

भाऊजी ट्रकचं चाक उघडत बसले होते. मी बोर्डाकडे हात केला. “भाऊजी, हे काय आहे?”

“बोर्ड हाय, वैनी.”

“ते दिसतंय. त्याच्यावर ते काळं काय आहे?”

“ते व्हय?” भाऊजींनी हात फडक्याला पुसले. “तीट हाय ती.”

“काय?”

“तीट. लेकरायला लावतेत तशी. गालाला काजळाचं बोट लावतेत की, कोणाची नजर लागू नये म्हणून. काका त्यायच्या हातानं लावतेत.” त्यांनी वर बघितलं आणि हसले. “एका गिऱ्हाइकानं मला सांगितलं, हे चुकीचं हाय म्हणून. मी काकाला म्हणलं, पुसू का? काका म्हणले, ठावं हाय मला चुकीचं हाय ते. कंपनीतल्या सायबानं एकदा माझी पाटी परत केली, म्हणला ही शेपटी काढ, हिच्यानं सगळी पाटी बिघडायली. तवाच माझ्या ध्यानात आलं, म्हणले, आपल्या मानसाच्या पाटीला हीच लावायची. बिघडलेलं असलं म्हणजे नजर लागत न्हाई.”

“मग बाकीच्यांना का नाही? औषधवाल्याला, हार्डवेअरवाल्याला?”

भाऊजींनी माझ्याकडे असं बघितलं की हिने एवढं शिकून काय केलं.

“दुसऱ्याच्या लेकराला कोणी तीट लावतंय का, वैनी?”

मी तिथल्याच एका टायरवर बसले. साडीला काळं लागलं. मला रडू आलं आणि मी रडले, फाट्यावर, ट्रकवाल्यांच्या देखत. भाऊजी घाबरले आणि त्यांनी समोरच्या टपरीवरून सोडा मागवला. मी सोडा प्यायले आणि पुन्हा रडले. माझा बोर्ड रंगवताना अण्णांचा हात किती दिवस त्या पत्र्यावर होता ते मला आठवत होतं, आणि त्यांनी लावलेली तीट मी कापसाच्या बोळ्याने पुसली होती. सुबकपणे. माझ्या आईने जिला तीट लावल्याशिवाय कधी बाहेर नेलं नसेल, तीच मी.

बरं, मी काही लगेच संत झाले नाही. घरी येताना अर्ध्या रस्त्यात मला रागही आला. एवढं होतं तर सांगायचं ना, म्हातारबा? भिंतीला सांगायचं. भिंतीने मला सांगितलं असतं. पण तीट लावणारा कधी सांगून लावतो का? लेकरू रडतं, तोंड फिरवतं, आणि आई हनुवटी धरून लावून टाकते.

घरी आले तेव्हा अण्णा पिशवी भरत होते. टॉवेल, औषधं, आईंनी बांधून दिलेल्या भाकऱ्या. विक्रम अजून ड्युटीवरून आला नव्हता आणि आई मला बघून स्वयंपाकघरात निघून गेल्या, जायची काही गरज नसताना. मी माळ्यावरून ब्रशांचा डबा काढला. अंगावर धूळ पडली. गच्चीवरून काळ्या रंगाची डबी आणली. दोन्ही दिवाणावर, पिशवीच्या शेजारी ठेवलं.

“अण्णा, माझ्या बोर्डाला तीट राहिलीय.”

त्यांचे हात थांबले. ते सवयीने कॅलेंडरकडे वळले.

“मला माहीत नव्हतं,” मी म्हटलं. “मी पुसली. मला नको होतं पुसायला. मला वाटलं तुम्ही सगळ्यांनाच लावता. आज बघून आले मी. तुम्ही सगळ्यांना नाही लावत.” पुढे खूप बोलायचं होतं, पण मी नुसती काळ्या रंगाची डबी त्यांच्याकडे सरकवली.

अण्णांनी डबी हातात घेऊन पाहिली, परत ठेवली. मग हळूच म्हणाले, “लोकं हसतील. मास्तरीणबाईच्या दारातच चूक म्हणतील.”

“हसू देत. जो हसतो त्याची नजर लागत नाही.”

त्यांनी वर बघितलं. माझ्याकडेच. लग्नाच्या चौथ्या वर्षी, पहिल्यांदा. डोळे विक्रमसारखे आहेत हे मला तेव्हा कळलं.

त्यांनी डबी उचलली, नखाने झाकण उघडलं, काडीने रंग ढवळला. एक ब्रश निवडला, मग तो ठेवून दुसरा घेतला. मी पुढे धावत जाऊन दारासमोर प्लास्टिकचं स्टूल ठेवलं. रस्त्यावर शेजारच्या गल्लीतल्या बाई भाजी घेत होत्या, त्या थांबल्या आणि मान वर करून बघायला लागल्या. बघू देत, मी मनात म्हटलं, हव्या तेवढ्या बघा.

अण्णा स्टुलावर चढले. एका हातात डबी, एका हातात ब्रश. फरशीवर स्टूल जरा डुगडुगलं आणि मी मागे उभी, हात पुढे करावा की नाही या विचारात. कधी हात लावला नव्हता मी त्यांना, सणाला पाया पडण्यापलीकडे.

“ए, नुस्ती बघत काय उभी ऱ्हायलीस? धर की नीट. पाडतीस का मला?”

मी मागे वळून पाहिलं. मागे घरातलं कोणी नव्हतं. आई स्वयंपाकघरात होत्या, विक्रम कंपनीत.

मी खाली बसले आणि दोन्ही हातांनी स्टुलाचे पाय धरले.

“धरलंय, अण्णा. घट्ट धरलंय.”